‘चार महिने झाले, केस अजून दाखल नाही’ : एका अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

आमच्या वकिली कार्यालयाला एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ परदेशी झेंड्याच्या जहाजावर एबी (डेकवरचा कुशल खलाशी), मूरिंगच्या म्हणजे जहाज धक्क्याला दोरांनी बांधायच्या वेळी खांदा निकामी झाला, ऑपरेशन झालं. आमच्याकडे येऊन चार महिने झाले तरी दावा दाखल नाही. दर वेळी नवा कागद मागतात. ५,००० रुपये घेतले. कंपनीचा चेक घेऊ दिला नाही, जहाज अडकवत नाहीत, आणि ‘पैसे मिळतीलच’ असं तोंडातून काढत नाहीत. उलट एक एजंट वीस टक्क्यांवर सगळं करून द्यायला तयार आहे.

तक्रारीला उत्तर द्यायला लागेल त्यापलीकडे प्रकरणातलं काही इथे लिहिणार नाही. अशिलाने सांगितलेलं चव्हाट्यावर मांडायची वकिलाला मुभा नाही, अभिप्रायाला उत्तर देतानासुद्धा.

कागदांची तक्रार खरी आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण यादी लेखी द्यायला हवी होती. ती फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितली गेली आणि एका झेरॉक्ससाठी तुम्हाला रत्नागिरीहून मुंबईची खेप पडली. चूक आमची. पण त्यातला एकही कागद उगाच मागितलेला नाही. नोकरीचा करारनामा आणि त्याला लागू असलेला युनियनचा करार नसेल तर भरपाईचा तक्ताच हाती येत नाही. सीडीसीवरचे (खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तिका) साइन-ऑन, साइन-ऑफचे शिक्के अपघात नोकरीच्या काळातला असल्याचं दाखवतात. जहाजावर चढण्याआधीचं ‘फिट’ प्रमाणपत्र लागतं, कारण कंपनीचा पहिला बचाव ठरलेला असतो : दुखणं जुनंच होतं. म्हणूनच परदेशी बंदरातल्या हॉस्पिटलचा पहिला केसपेपर सोन्याच्या मोलाचा. त्यात डॉक्टरने ‘दोन आठवड्यांपासून दुखतंय’ असं एक वाक्य लिहिलं असेल, तर कॅप्टनच्या सहीचा अपघात अहवाल आणि लॉगबुकमधली त्या दिवसाची नोंद यांच्याशिवाय ते खोडता येत नाही.

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेले फोटो नकोत, मूळ फोन हवा, असं म्हटल्यावर तुम्हाला राग आला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (त्या फाइलवरूनच काढलेला, तिची ओळख पटवणारा संकेतांक) लिहावी लागते. फॉरवर्ड केलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं, म्हणजे ती वेगळीच फाइल होते. तो फोन विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका.

आता चार महिन्यांबद्दल. खांद्याच्या ऑपरेशननंतर हाताची हालचाल कुठे येऊन थांबते हे कळायला सहा महिने सहज जातात. अपंगत्वाचा टक्का त्यानंतरच ठरतो आणि कराराखालची रक्कम त्या टक्क्यावर अवलंबून असते. घाईने दावा टाकला तर कंपनीच्या डॉक्टरचा टक्का गळ्यात पडण्याची शक्यता जास्त. आपल्या अस्थिरोगतज्ज्ञाच्या अहवालात ‘हालचाल कमी’ एवढं लिहून भागत नाही. हात बाजूने किती अंश वर जातो (धडधाकट खांद्याचा १८० पर्यंत जातो), वजन किती उचलता येतं, पायलट लॅडर (जहाजाच्या बाजूला सोडलेली दोराची शिडी) चढता येईल का, मूरिंग रोप ओढता येईल का, हे मोजून लिहायला हवं. दोन डॉक्टरांचे टक्के जुळले नाहीत तर बहुतेक युनियन करारांत दोघांच्या संमतीने तिसरा डॉक्टर नेमायची तरतूद असते आणि त्याचं मत दोन्ही बाजूंना बंधनकारक राहतं. ती पायरी गाळून कोर्टात उभं राहिलं की पहिला आक्षेप तोच येतो.

मधल्या काळात हात बांधून बसायचं असं नाही. सागरी श्रम करार २००६ (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणे उपचाराचा खर्च मालकावर आहे, आणि उपचार व आजारपणाचा पगार या दोन्हींची मर्यादा १६ आठवड्यांच्या खाली नेता येत नाही. युनियन करारांत बहुधा त्याहून जास्त मिळतं. त्यासाठी भरती करणाऱ्या आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना असलेल्या) कंपनीला आणि जहाजाच्या विमा क्लबला (जहाजमालकांची परस्पर विमा संस्था) पत्रं गेलेली आहेत, प्रती तुमच्या ईमेलवर आहेत. १८ जानेवारी २०१७ पासून जहाजावर ठळक जागी एक प्रमाणपत्र लावावं लागतं. मृत्यू किंवा दीर्घकालीन अपंगत्वाची कराराखालची भरपाई कोणती विमा संस्था देणार, तिचं नाव त्यावर असतं. खलाशी थेट त्या संस्थेकडे मागणी करू शकतो. जहाजावर असलेल्यांनी आजच त्या प्रमाणपत्राचा फोटो काढून घरी पाठवावा.

चेक घेऊ नका असं आम्ही म्हटलं नाही. त्यासोबतच्या पानावर सही करू नका म्हटलं. ते इंग्रजी पान पुन्हा वाचून घ्या. शेवटच्या परिच्छेदात ‘फुल अँड फायनल’ आहे, आणि त्यापुढे मालकाच्या निष्काळजीपणाचे आजचे आणि पुढचे सगळे दावे सोडून दिल्याचं आहे. सागरी श्रम करारातच पावतीचा एक नमुना दिलेला आहे. त्यात नोकरीच्या कराराची रक्कम मिळाली एवढंच कबूल केलं जातं, निष्काळजीपणाबद्दल दावा करायचा हक्क शाबूत राहतो. शिवाय कराराच्या रकमेपेक्षा कमी घेण्यासाठी दबाव आणायला स्पष्ट मनाई आहे. टक्का ठरायला वेळ लागणार असेल तर अंतरिम रक्कम मागता येते, ती आम्ही मागितली आहे. कंपनीने नमुन्यातल्या पावतीवर चेक दिला तर उद्याच घ्या.

जहाज अडकवण्याचं बोलणं सोपं असतं. २०१७ चा ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांचा) कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे आणि जहाजावरच्या इजेचा दावा त्यात बसतो, पण जहाज भारताच्या सागरी हद्दीत आलेलं असावं लागतं. ते सध्या नाही. जहाजांची जागा दाखवणाऱ्या एआयएस यंत्रणेवर रोज बघतो. मुंबईत, न्हावा-शेवात किंवा जयगडला लागलं तर मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करता येईल, कांडल्याला गेलं तर गुजरातेत. जहाजाची अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देण्याची हमी कोर्ट मागू शकतं. ती हमी तुमच्या भावाच्या नावावर पडणार, म्हणून कागद आधी. इजेपोटी जहाजावर जो खास बोजा (मॅरिटाइम लीन, म्हणजे खुद्द जहाजावरच दाव्याचा हक्क) बसतो तो एका वर्षात संपतो. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेली आहे.

‘नेटवर तर अमेरिकेत कोट्यवधी मिळतात’ असंही तुम्ही लिहिलंत. ते जोन्स ॲक्टचे, म्हणजे खलाशांच्या इजेबद्दलच्या अमेरिकी कायद्याचे आकडे. १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॅनिश खलाशाचं प्रकरण आलं होतं. नोकरीवर रुजू झाला न्यूयॉर्कमध्ये, जहाज डॅनिश, इजा हवानाच्या बंदरात. त्याला अमेरिकी कायदा लागू झाला नाही, डेन्मार्कचा झाला. मुंबईत करार केलेल्या, परदेशी झेंड्याखालच्या भारतीय खलाशाने त्या जाहिरातींवर दिवस घालवू नयेत.

जहाज भारतात नोंदलेलं असेल तर गणित वेगळं. १९२३ च्या भरपाई कायद्याखाली (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) पगार कितीही जास्त असो, हिशोबाला महिना १५,००० च्या वर धरला जायचा नाही. ३५ वर्षांच्या माणसाच्या कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६ (कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा गुणक), होतात १७,७३,५४०. मात्र तिथे शरीराचा नव्हे, कमाईचा टक्का बघतात. कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच मान्य केलं आहे. त्या कायद्याच्या जुन्या अपघातांसाठी दाव्याची मुदत दोन वर्षांची. अपघात भारताबाहेर झाला असेल तर जहाजाचा मालक किंवा एजंट जिथे व्यवसाय करतो तिथल्या आयुक्ताकडे जाता येतं, आणि ते ठिकाण बहुधा मुंबईच निघतं.

वीस टक्के आम्ही घेऊ शकत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. ५,००० रुपये कागद वाचून लेखी मत देण्याचे होते, ते मत आणि पावती दोन्ही तुमच्याकडे आहेत. एजंटकडे जायचंच असेल तर दोन गोष्टी बघा : कोर्टात कोण उभं राहणार, त्याचा सनद क्रमांक, आणि रक्कम कोणाच्या खात्यात येणार. भावाच्या स्वतःच्या खात्याशिवाय दुसरं कुठलंही उत्तर आलं तर तिथून उठा. पैशाची अडचण असेल तर १५१०० वर फोन करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे, अपंग व्यक्तीला ती अटही नाही. भाऊ नुसी (नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया) या युनियनचा सभासद असेल तर तिथेही जा, कंपनीशी बोलताना त्यांच्या शब्दाला वजन असतं.

‘मिळतीलच’ हा शब्द आम्ही यापुढेही देणार नाही.

पूर्ण यादी काल ईमेलने पाठवली आहे, कोणता कागद आला आणि कोणता बाकी या खुणांसह. फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर खुशाल न्या. वकीलपत्र अजून कुठेही दाखल झालेलं नाही, त्यामुळे आमच्या ना-हरकतीचीही गरज नाही. फक्त एमआरआयची मूळ सीडी आमच्या कपाटात आहे, ती आठवणीने मागून घ्या. नव्या डॉक्टरला लागेल.