‘किल्ल्याला कुठं सळई होती?’

जुळे सोलापूरकडच्या प्लॉटवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक सल्ला फिरतोय: "रिटेनिंग वॉलला, म्हणजे माती अडवायच्या भिंतीला, इंजिनियर कशाला? दीड फूट जाड दगडी भिंत घ्या, मागं खोदाईचीच माती लोटा, पाणी जायला भोकं ठेवू नका. भीती वाटली तर दर्शनी बाजूनं जादा सळई टाका. किल्ला बघा की, सळईशिवाय उभाय."

किल्ला बघाच. भुईकोटाचा तट स्वतःच्या वजनावर उभा आहे. त्याची जाडी डोळ्यांत साठवा आणि मग आपल्या दीड फुटाकडं बघा. वजनावर तगणाऱ्या भिंतीचा तळ उंचीच्या निदान निम्मा लागतो. तीन फुटांच्या बांधाला चांगला गवंडी पुरतो, हे कबूल. पण उंची दुप्पट केली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. मिस्त्री मजुरी दुप्पटच लावतो, म्हणून फसायला होतं.

खोदाईची माती म्हणजे आपली काळी. मे महिन्यात तिच्या भेगेत हात जातो, सप्टेंबरच्या पावसात तीच फुगून भिंतीला ढकलते. मागं मुरूमच भरा आणि पायाही काळीतून खाली मुरमापर्यंत न्या.

सगळ्यात घातक सल्ला भोकांचा. तीन मीटर उंच भिंतीवर कोरड्या मुरमाचा रेटा दर मीटर लांबीला साधारण पावणेतीन टन. मागं पाणी काठोकाठ तुंबलं की तोच सहा टनांवर जातो, त्यात एकट्या पाण्याचे साडेचार. म्हणून भिंतीला लागून खडीचा थर आणि दर मीटर-दीड मीटरवर पाईप. आमच्या गल्लीत एकानं "भिंत घाण दिसते" म्हणून पाईपांची तोंडं गिलाव्यात बुजवली. परतीच्या पावसानंतर ओळंबा सोडला, तर माथा दोन इंच पुढं झुकलेला.

राहिली सळई. आरसीसी भिंतीला माती ढकलते तेव्हा ताण मातीकडच्या अंगाला येतो, मुख्य सळई तिकडंच हवी. दर्शनी बाजूला जादा कितीही घाला, लोखंडाचे पैसे वाया.

गल्लीतल्या त्या भिंतीची तोंडं शेवटी छिन्नीनं फोडली. आधी काळा चिखल आला, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी गळत होतं. दोन इंच मात्र तसेच आहेत.