फक्त दोन खोकी

आमची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं, त्याला सात वर्षं झाली होती. त्यामुळे 'पंधरा दिवसांत जागा खाली करा' अशी नोटीस खरोखरच आली तेव्हा सगळी बिल्डिंग आश्चर्यचकित झाली. सामान हलवणाऱ्यांचा मुकादम घर बघायला आला. फ्रिज बघून तो काही बोलला नाही. सागवानी पलंग बघून काही बोलला नाही. आईचं जातंसुद्धा त्यानं नुसतं वहीत टिपलं. मग तो पुस्तकांच्या कपाटापुढे आला आणि खुर्ची ओढून बसला.

"काका, फ्रिजला चौघं हात लावतात," तो म्हणाला. "पुस्तकाचं खोकं एकट्याच्या पाठीवर येतं."

पुस्तकांना खोकं लहानच घ्यावं, मोठं घेतलं तर नेमकं जिन्यात बूड सुटतं, हेही त्यानंच समजावलं. खोक्यामागचा दर ऐकल्यावर बायकोनं जागच्या जागी निकाल दिला. "अहो, दोन खोकी. तुमची सगळी पुस्तकं मिळून दोन." खोकी म्हटलं की हल्ली महाराष्ट्रात पन्नासाच्या खाली कुणी बोलत नाही. माझ्या वाट्याला दोन आली, तीही पुठ्ठ्याची आणि रिकामी.

कपाटात पुस्तकं किती हे मी कधीच मोजलं नव्हतं. मोजलं की बायकोला कळतं. या वेळी मुलीनं मोजली. चारशे बारा निघाली. तिनं हॉलमध्ये तीन ढीग घातले. "हा इतिहास. ही देवाधर्माची. आणि बाबा, ही तुला सुधारायची."

इतिहासाचा ढीग निम्मा माझ्या वडिलांचा. ते समासात पेन्सिलीनं लेखकाशी भांडत. 'पुरावा?', 'साफ चूक!', आणि एका ठिकाणी नुसतंच 'हॅ!' त्यांच्या एका जुन्या पुस्तकात शिवजन्माचं साल १६२७ आहे, त्याला खेटून ठेवलेल्या दुसऱ्यात १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी, पुढे आणली आणि तिथून या तारखेचा वाद जो पेटला तो आमच्या कपाटात वडील जाईपर्यंत चालू होता. पहिल्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय, 'शकावली पाहा.' दुसऱ्यात, 'पण बखरीचं काय?' आता यातलं एक टाकलं तर उरलेल्यानं भांडायचं कुणाशी?

ढीग झटकताना कसर निघाली. चंदेरी, चपळ, सगळीकडे. मराठे १७५८ साली अटकेपर्यंत गेले. आमची कसर शहाजीराजांपासून निघून थेट दुसऱ्या बाजीरावापर्यंत, जिल्दीसकट गेली होती. मधलं काहीही तिला नीरस वाटलेलं दिसलं नाही. चारशे बारा पुस्तकं आरंभापासून अखेरपर्यंत चाळणारं घरात तेवढंच कुणीतरी होतं.

पानिपतावरची एकट्या माझ्याकडे नऊ पुस्तकं निघाली. "एका लढाईला नऊ?" बायकोनं विचारलं. तिला कसं सांगू? प्रत्येक पुस्तक मी या आशेनं घेतो की या खेपेला तरी १४ जानेवारी १७६१ चा निकाल वेगळा लागेल. दुपारपर्यंत सगळं बरं चाललेलं असतं. विश्वासरावांना गोळी लागते ते पान आलं की मी पुस्तक मिटतो आणि पुढचं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जातो.

मला सुधारायच्या ढिगाची तऱ्हा वेगळी. सगळी पुस्तकं कोरी करकरीत, फक्त पहिली सतरा-अठरा पानं हाताळलेली. याला कारण आहे. ही सगळी मी पुणे स्टेशनच्या फलाटावर घेतली. मुंबईची गाडी दीड तास उशिरा आहे असं कळलं की माणसाला आयुष्य सुधारावंसं वाटतं. गाडी सुटली की लोणावळ्यापर्यंत सुधारणा होते, मग खंडाळ्याचे बोगदे लागतात. त्यातलं आत्मविश्वासावरचं पुस्तक मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं होतं, डब्यात कुणी बघेल म्हणून. सॅम्युएल स्माइल्स नावाच्या गृहस्थानं १८५९ साली 'सेल्फ हेल्प' लिहिलं, आणि तेव्हापासून हा माल अखंड खपतो आहे. एवढी वर्षं माणसं जर सुधारत असती तर खप कधीच बसायला हवा होता, पण हे मी घरात बोललो नाही. ढीग माझा होता.

या ढिगातली पुस्तकं मात्र द्यायला मी तयार झालो. पहाटे पाचला उठण्याचे फायदे सांगणारं एक वॉचमनला दिलं. त्यानं मलपृष्ठ वाचून ते अदबीनं परत केलं. "साहेब, पाचला तर मी झोपायला जातो."

रद्दीवाला आला. किलोला चौदा रुपये म्हणाला. इतिहास त्यानं एका हातात धरून तोलला, सुधारणा दुसऱ्या हातात. मधल्या ढिगाजवळ आल्यावर मात्र हात मागे घेतले. "हे देवाचं आहे. हे नाय घेत मी. तुमचं तुम्ही बघा."

आता देवाचं मी तरी काय बघणार? गुरुचरित्र आईच्या सोवळ्यात, त्याला मी पारोसा हात लावू शकत नाही. दासबोध तीन. हरिपाठ अकरा, आणि ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या तेराव्याला वाटलेले. पहिल्या पानावर 'यांच्या स्मरणार्थ', खाली फोटो. मावशीचे यजमान टोपी घालून माझ्याकडे बघतायत, तो हरिपाठ रद्दीत घालायचा म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा पोचवण्यासारखं. नदीत सोडा, असं कुणीतरी सुचवलं. तुकोबांची गाथा इंद्रायणीनं तेरा दिवसांनी कोरडी परत दिली, असं सांगतात. मी मुठेत काही सोडलं तर ते तेरा मिनिटांत पुलाच्या खांबाला अडकेल, आणि महापालिकेचा माणूस पावतीपुस्तक घेऊन उभा राहील.

भांडण झालं ते दासबोधावरून. मुलीनं तो मला सुधारायच्या ढिगात टाकला होता. मी म्हटलं, अगं, तो ग्रंथ आहे, तिकडे ठेव. ती म्हणाली, "बाबा, वीस दशक, दोनशे समास. त्यात अक्षर कसं काढायचं ते आहे, चार माणसांत कसं वागायचं ते आहे, राजकारण आहे, मूर्ख कुणाला म्हणायचं तेही आहे. मग हे काय आहे?"

"बघू," म्हणून आईनं हात पुढे केला. तिनं दुसऱ्या दशकाचा पहिला समास काढला, मूर्खलक्षणांचा, आणि ठेक्यात वाचायला लागली. सुरुवातीच्या ओव्यांना आम्ही सगळे हसलो. दर 'तो येक मूर्ख'ला ज्याला जो नातेवाईक आठवला त्याचं नाव तो घेत होता. आईनं सासरकडच्यांचा कोटा पहिल्या वीस ओव्यांतच संपवला. मग शेवटाकडे पुस्तकाची निगा न राखणारा मूर्ख आला. त्याच सुमाराला माझ्या मांडीवरून एक कसर चालत गेली. आणि लगेच पुढची ओवी: स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचायला देत नाही, बांधून बंदोबस्तात ठेवतो, तो येक मूर्ख.

आई थांबली. चष्म्यावरून तिनं कपाटाकडे बघितलं. कपाटाला कुलूप होतं.

कुणीच कुठल्या नातेवाइकाचं नाव घेतलं नाही.

समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी थेट माझ्या हॉलमध्ये बोट दाखवल्यावर काहीतरी करणं भागच होतं. त्याच संध्याकाळी मी पानिपतावरचं सगळ्यांत लाडकं पुस्तक काढलं, वडिलांच्या पेन्सिलीचं, आणि समोरच्या नानांना नेऊन दिलं. "वाचा निवांत," असं स्वतःच्या तोंडानं म्हणालो. घरी येऊन डायरीत तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन केला. "नाना, उदगीर झालं का?"

"अहो, अजून चहा व्हायचाय."

"नाही, सावकाश होऊ द्या. फक्त पान दुमडू नका."

तिसऱ्या दिवशी विचारलं, भाऊ दिल्लीत पोचले का? नाना म्हणाले, भाऊ कुठवर आलेत ते बघावं लागेल. आवाज जरा तुटक वाटला. चौथ्या दिवशी नानांच्या सुनेनं फोन उचलून ते आंघोळीला गेल्याचं सांगितलं. पाचव्या दिवशीही ते आंघोळीलाच होते.

इकडे दोनाची चार आणि चाराची नऊ खोकी कशी झाली ते सांगत बसत नाही. बायकोनं दोनच मोजली, बाकीच्या सातांवर मी 'काचेचं सामान' असं लिहिलं होतं. मुकादमानं एक उचलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुरुषानं पुरुषाला द्यावी तशी साथ देत गप्प राहिला. दर मात्र पुस्तकांचाच लावला.

शेवटच्या दिवशी गेटाशी दोन टेम्पो लागले, एक आमचा आणि एक नानांचा. आम्ही कोथरूडला निघालो होतो, नाना मुलीकडे नाशिकला. नव्या बिल्डिंगचा ताबा तीन वर्षांनी, असं कागदावर आहे. मी धावत खाली गेलो.

"नाना, ते पुस्तक?"

"हो की! सुनेनं बांधलं वाटतं कशात तरी." त्यांनी वर हाक मारली. सुनेनं खिडकीतून उत्तर दिलं, "स्वयंपाकघर चार! नाहीतर सहा!"

नानांच्या टेम्पोत एकोणचाळीस खोकी होती. मी चाकावर पाय देऊन आत चढलो. चारमध्ये कुकर निघाला.

"काका, उतरा," मुकादम म्हणाला. "सहा नंबर सगळ्यांत खाली आहे."