‘एका सिस्टरला तीनच पेशंट’ : खुलासा

नागपुरात दोन दिवसांपासून व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय : ‘परिचारिकांच्या युनियनला एका सिस्टरमागे तीनच पेशंट हवेत, मग ड्युटीत आराम, वर पगारवाढ!’ वॉर्डातल्या एका काकांनी तो मलाच दाखवला, सलाईनची बाटली बदलताना.

तो चूक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांसारख्या अध्यापन रुग्णालयांच्या (वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या) जनरल वॉर्डसाठी तीन खाटांमागे एक परिचारिका धरलेली आहे. पण ती चोवीस तासांची मोजणी. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या लावल्या की एका पाळीत एकीच्या वाट्याला 9 खाटा येतात. म्हणजे 30 खाटांच्या वॉर्डाला 10 जणी, वर रजा राखीव (रजेवर असणाऱ्यांच्या बदलीच्या) 30 टक्के धरून 13. पाळीला तीन, फार तर चार. यात आराम कुठे दिसला, कोण जाणे.

शिवाय हा हिशेब खाटांचा. गोंदिया, गडचिरोली, थेट बालाघाटहून पेशंट येतात, तेव्हा खाट नसली की जमिनीवर गादी पडते. गादीवरचा पेशंट या गणितात नसतो. त्याचं बीपी मात्र घ्यावंच लागतं. परवा माझ्या वॉर्डात रात्री दोघीच होतो. एक जण ऑक्सिजनवरच्या आजीजवळ अडकली की बाकी सगळा वॉर्ड दुसरीकडे.

राहिला पगार. तो मुद्दा वाटाघाटीत असतोच, लपवायचं काय त्यात? पण रिक्त पदं भरणं आणि कंत्राटी भरतीला विरोध या मागण्याही आमच्याच, आणि मेसेजमध्ये नेमक्या त्याच गाळल्यात.