पँट्रीच्या कुलपाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

आई राहते त्या वृद्धांच्या निवासी केंद्रात पँट्रीला रात्री कुलूप लावतात, ते लावू नये असं मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. "महिन्यातून दोनदा येऊन फोटो काढणाऱ्या मुलांनी आम्हाला स्वयंपाकघर शिकवू नये" या वाक्याचा राग आला. पण मी दोनदाच जातो हे खरं आहे, तेव्हा तो गिळला. तुम्ही स्वतः अशाच केंद्रात २८ जणांना सांभाळता, म्हणून बाकीच्या मुद्द्यांना सविस्तर उत्तर देतो.

मोठ्या स्वयंपाकघरात आजी-आजोबांनी जाऊ नये, हे मान्यच. ओली फरशी, उकळतं तेल, आणि अन्न हाताळणाऱ्यांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचा नियम वेगळाच. पण ते मी मागितलंच नव्हतं. मी लिहिलं होतं मजल्यावरच्या पँट्रीबद्दल: ओटा, किटली, छोटा फ्रिज, नावं घातलेले डबे, एक इंडक्शन. माहितीपत्रकात तिचा फोटो आहे. संध्याकाळी सातला तिला कुलूप लागायचं.

इंडक्शनबाबत तुम्ही माझी चूक बरोबर पकडलीत. 'सगळ्यांसाठी सुरक्षित' असं मी बेधडक लिहून गेलो. पेसमेकर असलेल्यांनी चालू इंडक्शनपासून साधारण दोन फूट लांब राहावं असं सांगतात, आणि ओट्याशी उभं राहून चहा करायचा तर दोन फूट आणणार कुठून? त्यांच्यासाठी किटलीच. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

"फ्रिज उघडा ठेवला की निम्म्यांची साखर चारशे." ताई, साखर खालीही जाते. आईकडे रात्रीचं जेवण पावणेसातला, नाश्ता नऊला. सव्वाचौदा तास. मधे सकाळी साडेसहाचा बिनसाखरेचा चहा, बस. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या माणसाला पहाटे तीनला दरदरून घाम फुटला, साखर ७०च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर लगेच पोटात जायला हवी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि किल्ली तळमजल्यावर झोपलेल्या मावशींच्या कमरेला!

परदेशातलं सांगू नका म्हणालात, तरी एक सांगतोच. अमेरिकेत २०१४ साली नियम झाला की सरकारी मेडिकेड योजनेतून ज्यांना सेवा मिळते, त्यांना असिस्टेड लिव्हिंगमध्येही, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते अशा निवासातही, कुठल्याही वेळी खाणं मिळालं पाहिजे. एखाद्याला रोखायचंच असेल, तर त्याची गरज तपासायची, आधी सौम्य उपाय करून बघायचे, कारण त्याच्या नावच्या कागदावर लिहायचं, त्याची संमती घ्यायची आणि ठरावीक मुदतीने पुन्हा विचार करायचा. आपल्याकडे असा कायदा नाही, पण ही पद्धत उचलायला पैसे पडत नाहीत. तुमच्याकडच्या ज्या आजोबांनी रिकामी किटली चालू ठेवली असं तुम्ही लिहिलंत, त्यांना विस्मरण आहे. त्यांच्यासाठी बंधन हवं. इंडक्शनचा मेन स्विच बंद कपाटात घ्या, रात्री कुणी त्यांच्यावर लक्ष ठेवा. पण त्यांच्यापायी उरलेल्या सत्तावीस जणांचं दूध कशाला कुलपात?

शिवाय कुलपाने खाणं थांबत नाही, लपतं. आई डिंकाचे लाडू कपाटातल्या पातळांच्या घड्यांत ठेवायला लागली. मुंग्या झाल्या. कपाट रिकामं करून केंद्रातले लोक तिला सगळ्यांदेखत बोलले. आयुष्यभर पहाटे साडेचारला उठून घरादाराचे डबे करणारी ८१ वर्षांची बाई, स्वतःच्याच लाडवांपाशी चोरासारखी उभी. मला हे शेजारच्या खोलीतल्या काकूंनी फोन करून कळवलं. आईने अजून अवाक्षर काढलेलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, "काही झालं तर आमच्यावर नाही, असं लिहून द्याल का?" दिलं आहे. आधी आईची सही, खाली माझी. गेल्या महिन्यापासून किटली आणि फ्रिज रात्रभर उघडे असतात. इंडक्शनचं अजून जमलेलं नाही. पहाटेचा चहा आई स्वतः करते, आणि दूध सगळं हीच संपवते अशी त्याच काकूंची आता तक्रार आहे.