'कट्स आले नाहीत' या तक्रारीला जिमच्या मालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की तीन महिने फी भरून कट्स, म्हणजे स्नायूंच्या उठावदार रेषा, आले नाहीत, सगळ्यांना तेच ते जुने व्यायाम देतात, मालकाला मॉडर्न ट्रेनिंग कळत नाही आणि संध्याकाळी केबल मशीन मिळत नाही. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. संध्याकाळी गर्दी असते. वडगाव-अनगोळची पोरं कामावरून सुटून येतात आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरंही त्याच वेळेला.

खरं, 'जुने व्यायाम' हे मनाला लागलं. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, इनक्लाइन प्रेस, बारबेल रो, लॅट पुलडाउन ही यादी मी आळस करून दिलेली नाही. रो मारताना पाठीबरोबर बायसेप्सलाही काम लागतं, स्क्वॉटमध्ये मांड्या आणि पुठ्ठे दोन्ही येतात. शिवाय यांच्यावर हळूहळू वजन चढवत नेता येतं, आणि साइज त्यानंच येते. केबल मशीनवरचा क्रॉसओव्हर वाईट नाही, चेस्टच्या शेवटी दोन-तीन सेट (न थांबता मारलेला एक फेरा म्हणजे एक सेट) मारा की. त्याच्यानंच सुरुवात करून तिथंच अर्धा तास उभं राहायचं, हे मला पटत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यातल्या पैलवानांच्या मांड्या बैठका मारून झाल्यात, ते तरी मान्य कराल.

आणि एकेका स्नायूचे व्यायाम दिले नाहीत, असंही नाही. शेड्यूलचा कागद परत बघा. प्रेसमध्ये खांद्याच्या बाजूच्या भागाला काम कमी पडतं म्हणून लॅटरल रेज लिहिलंय. हात डोक्यावर नेला की ट्रायसेप्सचा लांब भाग नीट ताणला जातो म्हणून ओव्हरहेड एक्स्टेन्शन. मांडीच्या मागचा स्नायू कंबरेतूनही काम करतो आणि गुडघा दुमडतानाही, म्हणून डेडलिफ्टच्या जोडीला लेग कर्ल. एका स्नायूला आठवड्याला 10 ते 20 सेट, त्यातही नवीन माणसाला 10 च्या आसपास पुरतात. सेट संपताना अजून एक-दोन रेप (रेपिटेशन, म्हणजे एकदा वजन उचलून खाली आणणं) निघतील इतपतच दम उरला पाहिजे. हे सगळं त्या कागदावर आहे. लेग्सच्या दिवशी तुम्ही येत नव्हता आणि चेस्ट-बायसेप्स आलटून पालटून रोज चालायचं, ते रजिस्टर बघितलं की कळतं.

आता कट्स. कट्सचा वेगळा व्यायाम नसतो ओ. हलक्या वजनानं पंचवीस-तीस रेप मारून चरबी वितळत नाही, क्रंचेस मारून फक्त पोटावरची जात नाही. आधी स्नायू पाहिजे, मग जेवण आवरून अंगावरची चरबी कमी झाली की तोच स्नायू उठून दिसतो. त्या काळातही वजन जडच उचलायचं, नाहीतर कमावलेलं उतरतं. प्रोटीन किलोमागे 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे 70 किलोच्या माणसाला साधारण 112 ग्रॅम. एका अंड्यात सहाच मिळतात. पावडर घ्याच असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही, सोया चंक्स आणि शेंगदाणे कुणालाही परवडतात. जिम सुटल्यावर समोरच्या गाड्यावर कोण काय खातं, ते बोलायचा मला अधिकार नाही.

मी स्वतः स्पर्धेच्या स्टेजवर उभा राहिलेला माणूस आहे. मशिनी लोन काढून घेतल्यात, हप्ते चालू आहेत. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून चौकशी करून गेलेली पोरं परत फिरकली नाहीत, म्हणून एवढं लांबलचक लिहावं लागलं.

केबलजवळ वेळेची पाटी लावतो, दुसऱ्या मशीनचंही बघू. सकाळच्या बॅचला गर्दी नसते, तेव्हा आलात तर शेड्यूल दोघं बसून बदलू, लेग्स मात्र ठेवणार. आणि स्टारचं तेवढं बघा की.