बाळ कोणाकडे, आणि बिल कोणाकडे?

आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चालू आहे. पुण्यातल्या मावसबहिणीची बाळंतपणाची रजा संपत आली आहे, आणि बाळाला पाळणाघरात ठेवायचं की तिच्या सासूबाईंनी सांभाळायचं यावरून दोन तट पडलेत. मोठी मावशी म्हणते, "आजी धडधाकट असताना तान्हं लेकरू परक्याच्या हाती का द्यायचं?" आमच्या पिढीचं म्हणणं असं की सासूबाई आत्ता कुठे रिटायर झाल्यात, त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्यांनाही त्यांचं आयुष्य आहेच की. मधूनच एक आवाज येतो, "मग वर्षभर नोकरी सोड ना, काय अडलंय?" बाळाच्या बापाला मात्र कोणी काही विचारलेलं नाही. तो ग्रुपमध्ये आहे. अधूनमधून अंगठा टाकतो.

मी बर्लिनमध्ये राहतो, त्यामुळे आजीचा पर्याय आमच्यापुढे नव्हताच. आजी व्हिसावर येते. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा नियम १८० दिवसांत ९० दिवसांचा, म्हणजे बाळ तिला ओळखायला लागतं तोवर तिच्या परतीच्या विमानाची तारीख येते. तेव्हा प्रश्न आम्हा दोघांचाच होता आणि तो आम्ही इथल्या पद्धतीने सोडवला: बायकोने दहा महिने घेतले, मी चार. जर्मनीत २००७ पासून पालकभत्ता मिळतो. आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, कमाल महिना १८०० युरो. एकाच पालकाने घेतला तर बारा महिने. दुसऱ्यानेही किमान दोन महिने घेतले तर एकूण चौदा. ते वरचे दोन महिने म्हणजे बापाला दाखवलेलं गाजर आहे, हे उघड आहे. दाखवलं नसतं तर अनेक बाप घरी थांबले नसते. मीसुद्धा कदाचित नसतो थांबलो.

माझ्या चार महिन्यांचं घरच्यांना केवढं कौतुक! "किती करतो हो बायकोसाठी!" बायकोच्या दहा महिन्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. इथे साहेबाने फक्त विचारलं, काम कोणाकडे सोपवून जाणार आणि कधी.

बाळ वर्षाचं झालं आणि किटा सुरू झालं. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. बाळाला तिथे रुळवण्याची एक ठरलेली रीत आहे, तिला बर्लिन मॉडेलच म्हणतात. पहिले तीन दिवस पालकाने तासभर त्याच खोलीत बसायचं. खेळायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, कोपऱ्यात नुसतं बसायचं. बाळ आलं तर जवळ घ्यायचं, गेलं तर जाऊ द्यायचं. त्या ठेंगण्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलेला मी काही फार रुबाबदार दिसत नसणार. चौथ्या दिवशी ताईंनी सांगितलं, आता त्याला स्पष्ट सांगून बाहेर जा. मी आपल्या सवयीने विचारलं, तो ठोकळ्यांत रमला की हळूच सटकू का? त्या म्हणाल्या, मुळीच नाही. डोळा चुकवून गेलात तर उद्या तो तुमच्यावरची नजरच काढणार नाही. मग मी त्याच्यासमोर उभा राहून "बाबा जातो, परत येतो" म्हटलं आणि बाहेरच्या बोळात, चिमुकल्या रेनकोटांच्या रांगेखाली जाऊन उभा राहिलो. आतून रडण्याचा आवाज आला. ताईंनी उचलून घेतल्यावर तो थांबतो का, हे पाहायचं होतं. थांबला. थांबला नसता तर मला लगेच आत बोलावलं असतं आणि पुढचे काही दिवस वेगळं होण्याचा प्रयत्नच केला नसता. रडारड करत मूल दारात सोपवून ऑफिस गाठणाऱ्या आईला तिच्या कंपनीने असे दोन-तीन आठवडे दिले, तर आपल्याकडच्या "पाळणाघरात मुलं हिरमुसतात" या वादातली निम्मी हवा निघून जाईल.

मात्र "तिकडचे लोक पुढारलेले, त्यांची संस्कृतीच वेगळी" हे मला पटत नाही. पश्चिम जर्मनीच्या कायद्यात १९७७ पर्यंत लिहिलेलं होतं की बायकोने नोकरी करावी ती संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच. भिंतीपलीकडे पूर्व जर्मनीत बहुतेक तान्ही मुलं सरकारी पाळणाघरात जात आणि पश्चिमेकडचे लोक त्यावर नाकं मुरडत. २००७ मध्ये कुटुंबकल्याण मंत्री उर्सुला फॉन डेर लायन तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं वाढवायला निघाल्या, तेव्हा आउग्सबुर्गच्या बिशपांनी जाहीरपणे म्हटलं की या धोरणाने बाईचं मुलं जन्माला घालणारं यंत्र होईल. फॉन डेर लायन बाईंना स्वतःची सात मुलं. म्हणजे आमच्या मावशीचा मुद्दा इथे झगा घालून मांडून झालेला आहे. वाद संपला नाही, पण १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क मिळाला. हक्क मुलाचा, आणि जागा देण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनाची. २०१६ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असंही सांगितलं की प्रशासनाच्या चुकीने जागा मिळाली नाही आणि त्यामुळे पगार बुडाला, तर पालक भरपाई मागू शकतात. बर्लिनमध्ये तर २०१८ च्या ऑगस्टपासून फी नाही. जेवणाचे महिना २३ युरो द्यायचे.

आता आपल्याकडचं बघा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे, हेही त्यात आलं. कागदावर सव्वीस आठवडे जर्मनीच्या चौदा आठवड्यांच्या पूर्ण पगारी प्रसूतिरजेपेक्षा जास्तच आहेत. पण ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कक्षेबाहेरच्या बाईचा तो सगळा पगार तिच्या मालकाने एकट्याने द्यायचा. बापाच्या रजेबद्दल खासगी क्षेत्राला एका शब्दाचं बंधन नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच साचा कायम आहे. अशा वेळी मुलाखतीला आलेल्या एकोणतीस वर्षांच्या, नुकतंच लग्न झालेल्या मुलीकडे मालक कोणत्या नजरेने बघेल हे सांगायला नको. जुन्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर पाळणाघर बंधनकारक होतं; म्हणजे हिशेबी माणूस तिसाव्या बाईवर थांबणार. सरकारलाही हे दुखणं कळलेलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये वाढीव रजेतला सात आठवड्यांचा पगार मालकांना परत देण्याची योजना जाहीर झाली होती.

जर्मनीतही मालकावर असाच भार होता. २००३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं की प्रसूतिरजेचा खर्च असा एकेका मालकावर टाकला तर बाईला नोकरीच नाकारली जाण्याचा धोका आहे, हा भेदभाव थांबवा. २००६ पासून सगळ्या मालकांनी एका सामाईक निधीत पैसे भरायचे आणि ज्याची कर्मचारी रजेवर जाईल त्याला तिथून भरपाई, अशी व्यवस्था आहे. ज्याच्याकडे एकही बाई कामाला नाही तोही भरतो. त्यामुळे बाईला कामावर न घेऊन त्याचा एक छदामही वाचत नाही. आमच्या ग्रुपवर आजी की पाळणाघर यावर जेवढे मेसेज पडले, त्यातले दोन जरी या निधीवर पडले असते तर मला बरं वाटलं असतं.

इथे सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. सकाळी साडेसहाला मेसेज येतो की दोन ताई आजारी आहेत, आज जमत असेल तर मूल घरी ठेवा. जागेचा हक्क आहे, पण सांभाळायला माणसं कमी पडतात. २०१५ मध्ये देशभरच्या किटांतल्या कर्मचाऱ्यांनी कामाला योग्य दाम मिळावं म्हणून काही आठवडे संप केला. २०२४ मध्ये बर्लिनच्या सरकारी किटांत कामाचा ताण कमी करा म्हणून बेमुदत संप ठरला होता, तो कामगार न्यायालयाने रोखला. बाकीच्या पालकांप्रमाणे मीही त्या दिवसांत कुरकुरलो असतो, पण एक वर्षाची चार-पाच मुलं एकटीने सांभाळणारी बाई मी त्या ठेंगण्या खुर्चीवरून बघितली होती.

आणि नेमका हाच धागा महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ पासून आठवडेच्या आठवडे संपावर बसलेल्या अंगणवाडी सेविकांपर्यंत जातो. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायलासुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मूल सांभाळणं हे काम बाईला उपजतच येतं, मग त्याचे पैसे कसले, ही समजूत दोन्ही देशांत आहे. आमच्या ग्रुपवरच्या दोन्ही तटांतही आहे. एक तट आजीकडून फुकटात करून घेणार, दुसरा पाळणाघरवाल्या मावशींकडून स्वस्तात.

त्या मावशींचं स्वतःचं तान्हं बाळ असेल तर ते दिवसभर कोणाकडे असतं, हा प्रश्न कोणत्याच तटाने विचारलेला नाही. पन्नास कर्मचाऱ्यांचा नियम त्यांना लागू होत नाही आणि सव्वीस आठवडेही नाहीत. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून सहा महिन्यांपासूनची मुलं सांभाळायची कल्पना आहे. सरकारकडे या कामासाठी पुढचा रुपया असेल तर तो आधी तिथे जावा असं माझं मत आहे, आयटी पार्कातल्या पाळणाघरात नव्हे. मावसबहिणीला हे सांगितलं तर ती चिडेल. तिचा सोमवार तोंडावर आलाय.