‘घर पाठ आहे, घरात त्यांना काय होणार?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

वयस्कर आईवडिलांच्या घराबद्दलचा एक संदेश सध्या या गटातून त्या गटात फिरतो आहे. मजकूर साधारण असा: पडणं हा वयाचाच भाग, तो टळत नाही. ज्या घरात माणसाचं आयुष्य गेलं ते घर त्याला पाठ असतं, धोका असतो तो बाहेर. तरीही काळजी वाटत असेल तर बाथरूममध्ये रबरी मॅट टाका, टाइल्सना चिकटणारं एक हँडल लावा, सगळीकडे लख्ख दिवे लावा, त्यांना फिरणं कमी करायला सांगा आणि गळ्यात आपत्कालीन बटण अडकवा. ‘फक्त एका दुपारचं काम!’

हेतूबद्दल शंका नाही. पण हे सगळं तंतोतंत पाळणारा मुलगा किंवा मुलगी निश्चिंत मनाने घरी जाईल आणि पडण्याच्या जागा होत्या तशाच राहतील.

‘पडणं टळत नाही’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. एवढ्या मोठ्या आकड्याला ‘वय’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मात्र घरातले धोके काढून टाकण्याच्या प्रयोगांचा, वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ज्यांना आधीच जास्त धोका होता, म्हणजे वर्षभरात पडलेले, नुकतेच इस्पितळातून घरी आलेले, रोजच्या कामांत मदत लागणारे, त्यांच्यात ही घट 38 टक्क्यांपर्यंत गेली.

याच आढाव्यातली दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. असा वाढीव धोका नसलेल्यांना घरातल्या बदलांचा फायदा दिसून आला नाही. त्यामुळे प्रत्येक पांढऱ्या केसांच्या माणसाचं घर खणून काढायची गरज नाही. आधी विचारायचं. ‘पडलात का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘छे!’ म्हणतात, कारण पडल्याचं कबूल केलं की स्वातंत्र्य जाईल अशी भीती असते. ‘हल्ली कुठे तोल जातो का? उठताना कशाला धरावं लागतं?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

‘घर पाठ असतं’

सगळ्यात जास्त पटणारं आणि सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य हेच. घर पाठ असतं, पण ते पन्नाशीतल्या शरीराने पाठ केलेलं असतं. उंबरठा तेवढाच राहतो, पाऊल मात्र आता कमी उचललं जातं. खुर्चीची बैठक तेवढीच खाली असते, मांड्यांतला जोर घटलेला असतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने अंदाजे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला जास्त वेळ लागतो. त्यात जागा ओळखीची असल्यामुळे कोणी खाली बघून चालत नाही. अनोळखी जिन्यावर आपण जपून पाय टाकतो, स्वतःच्या घरात टाकत नाही.

म्हणून धोके शोधायला हातात यादी घेऊन रिकाम्या घरातून फिरलं तर अर्धेच सापडतात. त्या घरात वावरणारा माणूस बघावा लागतो. त्यांना म्हणावं, रात्री उठून बाथरूमला कसे जाता ते एकदा करून दाखवा. शक्यतो त्याच वेळी, तेवढ्याच उजेडात, त्याच चपला घालून. आपण मध्ये बोलायचं नाही. हात कुठे जातो ते बघायचं. पलंगावरून उठल्यावर टेबलाची कड, मग दाराची चौकट, मग टॉवेलचा रॉड. भिंतीवर, चौकटीवर, खुर्चीच्या पाठीवर हात लागून लागून मळलेल्या जागा दिसतात. ते डाग पुसायच्या आधी नीट बघून ठेवा. आधार कुठे हवा याचा त्याहून चांगला नकाशा कोणी काढून देणार नाही.

सिडनीत 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे रोजची कामं सुरक्षितपणे करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञांनी, घरी जाऊन जवळपास हेच केलं: माणूस घरात कसा वावरतो ते पाहिलं आणि बदल सुचवले. आदल्या वर्षी पडलेल्यांचं पुन्हा पडणं त्यामुळे कमी झालं. गंमत म्हणजे बाहेर तोल जाऊन पडण्याचे प्रसंगही कमी झाले, जिथे कोणी एक खिळाही ठोकला नव्हता. म्हणजे घरातल्या बदलांइतकंच काम त्या भेटीतल्या बोलण्यानेही केलं असणार.

‘रबरी मॅट आणि चिकटणारं हँडल’

व्हॅक्यूमने चिकटणारं हँडल तोल सावरताना हलका स्पर्श करायला ठीक. कोसळणाऱ्या माणसाचं वजन त्याच्यावर टाकणं धोक्याचं आहे. खडबडीत टाइलवर किंवा दोन टाइल्सच्या सांध्यावर त्याची पकड सुटते, आणि ती सुटली आहे हे कळतं नेमकं ओढल्यावर. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी ठरवलेल्या मानकांनुसार आधाराच्या दांड्याने 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलोचा भार पेलला पाहिजे. तो स्क्रूने, भक्कम भिंतीत, जाणत्या कारागिराकडूनच बसवावा लागतो. टॉवेलचा रॉड टॉवेलचं वजन पेलण्यासाठी असतो. पण घाईत हात तिथेच जातो, म्हणून तो काढून त्याच जागी खरा दांडा बसवणं हा मला सर्वांत हुशार उपाय वाटतो. उंची पुस्तकातून घेऊ नका. त्यांना कमोडवर बसवून उठायला सांगा आणि हात पोचतो तिथे पेन्सिलने खूण करा.

मॅटचं म्हणाल तर कडा वळलेली किंवा खाली साबणाचा थर साचलेली मॅट ही नसलेल्या मॅटपेक्षा वाईट. दाराबाहेरचं सरकणारं पायपुसणं तर संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेलं दिसत नाही. उभ्याने अंघोळ करताना दम लागत असेल तर रबरी पायांचं स्टूल आणि हातात धरायचा शॉवर यांचा उपयोग मॅटहून जास्त होतो.

पाण्याच्या तापमानाबद्दलही संदेशात अवाक्षर नाही. 60 अंश सेल्सियसच्या पाण्याने सुमारे 5 सेकंदांत खोल भाजू शकतं. 49 अंशांना त्यासाठी काही मिनिटं लागतात. म्हातारी त्वचा पातळ असते आणि हात पटकन मागे येत नाही. साठवणीच्या टाकीत मात्र पाणी फार कोमट ठेवलं तर न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जंतू वाढू शकतात, म्हणून टाकीत गरम आणि नळाला कमी, असं करणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवणं उत्तम.

‘सगळीकडे लख्ख दिवे’

उजेड हवा, हे अर्धं बरोबर. पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात उघडा झगझगीत बल्ब सुईसारखा टोचतो आणि गुळगुळीत फरशीवरची चकाकी ओल्यासारखी दिसते. पलंगावरून उठायच्या आधी हाताला लागेल असं बटण, पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत मंद सेन्सर दिवे आणि जिन्याच्या वर व खाली दोन्हीकडे स्विच, एवढ्याने जे साधतं ते झुंबराने साधत नाही.

जिन्यात उजेडाइतकीच पायरीची कड दिसणं महत्त्वाचं. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी लावा. कठडा शक्यतो दोन्ही बाजूंना आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत असावा, कारण ‘संपला जिना’ असं वाटून पुष्कळ जण शेवटच्याच पायरीवर फसतात. एखादीच पायरी इतरांपेक्षा किंचित उंच असेल तर तीही घात करते. न्यूझीलंडमध्ये असेच साधे बदल, म्हणजे कठडे, बाथरूममधले दांडे, पायऱ्यांच्या कडा, बाहेरचे दिवे, 842 घरांच्या प्रयोगात करून पाहिले. 2015 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार घरात पडून उपचार घ्यावे लागलेल्या दुखापती अंदाजे 26 टक्क्यांनी घटल्या.

जाता जाता: बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी अंधूक दिसते. उतरताना मान थोडी खाली घालून वरच्या भागातून बघायला हवं, हे चष्मा देताना क्वचितच कोणी सांगतं.

‘फिरणं कमी करा’

हा सल्ला नुसता चुकीचा नाही, घातक आहे. फिरणं थांबलं की स्नायू आणि तोल दोन्ही जातात. मग खुर्चीतून उठतानाच माणूस पडतो आणि संदेश लिहिणारा म्हणतो, बघा, वय झालं. कॉक्रेनच्याच 2019 च्या आढाव्यात व्यायामाने, विशेषतः तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने, पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी झालं होतं.

चक्कर येते म्हणून बसवून ठेवत असाल तर आधी औषधं तपासून घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर ती डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

‘गळ्यात बटण’

असू द्या. पण बटण पडणं थांबवत नाही, पडल्यानंतरची वाट लहान करतं, तेही दाबलं तर. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांचा वर्षभर पाठपुरावा करून 2008 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, एकटे असताना पडलेल्या आणि उठू न शकलेल्या बहुतेकांनी हाताशी असलेली यंत्रणा वापरलीच नव्हती. अंघोळीला जाताना तर बटण हमखास बाहेर खिळ्यावर लटकतं.

‘एका दुपारचं काम’

वायरी भिंतीला लावणं, सरकणारं जाजम उचलणं, रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणणं एका दुपारी होतं. मात्र त्यांना न विचारता टेबल हलवलंत तर ज्या कडेला धरून ते रात्री चालत होते तीच नाहीशी होते. एका वेळी एक बदल करा, मग आठवडाभर वापरू द्या. नाही पटला तर दुसरा शोधा. न पटलेला दांडा टॉवेल वाळत घालायच्याच कामी येतो.

धुराचा अलार्म असेल तर त्याचा आवाजही तपासा. नेहमीचा आवाज 3100 हर्ट्झच्या आसपासचा, बारीक असतो, आणि वयाबरोबर नेमके तेच स्वर ऐकू येईनासे होतात. 520 हर्ट्झचा जाडा आवाज झोपलेल्याला जास्त खात्रीने उठवतो.

आणि बाथरूमचं दार. ते आत उघडत असेल तर आत पडलेला माणूसच दाराला अडसर होतो आणि बाहेरच्याला ढकलताही येत नाही. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करून घ्या. ते जमत नसेल तर निदान बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवा, आणि ती कशी उघडते हे शेजाऱ्यांनाही दाखवून ठेवा.